दीक्षा घेतली, पण मुलीला मोजण्याचे माप बदलले काय?



धम्मदीक्षा घेतलेल्या प्रत्येक कुटुंबाने स्वतःला एक प्रश्न विचारावा, अशी माझी नम्र विनंती आहे. आपण त्रिशरण व पंचशील ग्रहण केले, बावीस प्रतिज्ञा उच्चारल्या, भिंतीवरील जुन्या तसबिरी उतरवून तेथे तथागतांची व परमपूज्य बाबासाहेबांची प्रतिमा लावली. नवस सोडले, व्रतवैकल्ये सोडली, अंगारे-धुपारे सोडले. हे सर्व उचितच झाले. परंतु जुना धर्म ज्या मापाने माणसाला मोजत होता, ते मापही आपण घराबाहेर टाकले आहे काय? की देव तेवढे बाहेर गेले आणि माप मात्र घरातच राहिले?

ते तपासण्याची एक सोपी कसोटी आहे. आपल्या घरात तेरा ते अठरा वर्षांची मुलगी असेल, तर तिच्या शरीराविषयी एका दिवसात किती वाक्ये उच्चारली जातात ती मोजून पाहावीत. ‘उन्हात जाऊ नकोस, आधीच काळी आहेस.’ ‘आणखी भात घेऊ नकोस, अंग बघ केवढे सुटले आहे.’ ‘धाकटी बरी निघाली, हिचे कसे होणार?’ ही वाक्ये बोलणारे लोक क्रूर नसतात. ती आई असते, आजी असते, आत्या असते, क्वचित वडीलही असतात. त्यांचे मुलीवर प्रेम असते. म्हणूनच ही वाक्ये अधिक खोल जातात. शत्रूचा शब्द मनुष्य झटकून टाकू शकतो. आईचा शब्द तो खरा मानतो.

ज्या समाजाने जन्मावरून माणसाची किंमत ठरविणारा धर्म नाकारला, त्याने रंगावरून व बांध्यावरून आपल्याच लेकीची किंमत ठरवावी, ही विसंगती आहे. जोपर्यंत ती दूर होत नाही तोपर्यंत त्या घराची दीक्षा अपुरीच म्हणावी लागेल.

वसई, नालासोपारा, विरार ह्या आपल्या पट्ट्यात कोकणातून, मराठवाड्यातून, खानदेशातून पोटासाठी आलेली कितीतरी कुटुंबे राहतात. एका खोलीत पाच-सहा माणसे असतात. पहाटेची लोकल पकडून वडील मुंबईला जातात, आई चार घरची कामे करते किंवा कारखान्यात जाते. अशा घरात मुलीला स्वतःचा असा कोपराही नसतो. तिच्या शरीराविषयी बोललेला प्रत्येक शब्द भाऊ ऐकतो, शेजारी ऐकतो, पाहुणा ऐकतो. बाहेर पडावे तर रेल्वेच्या डब्यात गोरेपणाच्या जाहिराती. हातातला मोबाइल उघडावा तर त्यात एका बोटाने चेहरा उजळ करून देणारी, गाल बारीक करून देणारी छायाचित्रे. घर जे सांगते तेच बाजार सांगतो, आणि मुलगी असे समजते की दोघेही सांगतात त्या अर्थी ते सत्यच असले पाहिजे.

वकिली व्यवसायामुळे माझ्याकडे आलेले एक प्रकरण येथे सांगणे आवश्यक वाटते. ओळख पटू नये म्हणून तपशिलात थोडा फेरफार केला आहे. नालासोपाऱ्याचे एक कुटुंब सल्ल्यासाठी आले. मुलगी अकरावीत, वय सतरा पूर्ण. नात्यातले स्थळ आलेले. मुलाकडच्यांना लग्न लगेच हवे होते. वडिलांचा प्रश्न एवढाच की, ‘आठ-नऊ महिन्यांनी अठरा पूर्ण होतील, तेवढ्यासाठी कायद्याची काही अडचण येईल काय?’ आई म्हणाली, ‘वकीलसाहेब, पोरगी रंगाने डावी आहे. आलेले स्थळ गेले तर पुन्हा कोण येणार?’ मुलाकडच्यांनी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. मुलीने वजन उतरवावे, आणि लग्नखर्चासाठी म्हणून दोन लाख रुपये द्यावेत. मुलगी दोन महिने दिवसातून एकदाच जेवत होती. कॉलेजला जाताना गाडीत एकदा चक्कर येऊन पडली होती. औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेली कसलीशी क्रीम लावून तिच्या गालांची कातडी पातळ व लालसर झाली होती. मी तिला विचारले, ‘बाळ, तुझी काय इच्छा आहे?’ ती म्हणाली, ‘सर, मला बारावी करायची आहे. पण आधी बारीक व्हायचे आहे.’

वाचकहो, ह्या वाक्यातील ‘पण आधी’ हे दोन शब्द मला अजून अस्वस्थ करतात. शिक्षणाची ओढ तिच्या मनात होती. परंतु शिकण्याचा हक्क मिळविण्यापूर्वी आपले शरीर लोकांच्या पसंतीस उतरले पाहिजे, असे तिने स्वतःच मान्य करून टाकले होते. गुलामगिरी पूर्ण केव्हा होते? बाहेरचा मालक सांगतो तेव्हा नव्हे; आतून आपणच होकार देतो तेव्हा. त्या कुटुंबाला मी कायदा समजावून सांगितला व विवाह थांबला. परंतु कायद्याने लग्नाची तारीख थांबते. मनातले माप थांबत नाही. ते थांबविण्याचे काम कोर्टाचे नाही, आपले आहे.

केवळ त्या आईबापांना दोष देऊन आपल्याला मोकळे होता येणार नाही. ह्या मापाची शिकवण सर्वत्र चालू असते. २०१७ च्या फेब्रुवारीत असे उघडकीस आले की, आपल्या राज्याच्या बारावीच्या समाजशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात, मुलगी कुरूप वा अपंग असेल तर तिचे लग्न जमणे कठीण होते व वरपक्ष अधिक हुंडा मागतो, अशा आशयाचा मजकूर हुंड्याच्या कारणांत छापलेला होता. बरीच टीका झाली आणि तो मजकूर काढून टाकण्याचे आश्वासन तत्कालीन शिक्षणमंत्र्यांना द्यावे लागले. विचार करा, सतरा वर्षांची मुलगी परीक्षेसाठी ते पान पाठ करीत असेल तेव्हा तिच्या मनाची काय अवस्था होत असेल? दोष मागणाऱ्याचा, पण कारण म्हणून नाव मात्र तिच्या चेहऱ्याचे! तसेच २०२४ मध्ये उत्तर प्रदेशाच्या दहावीच्या परीक्षेत सर्व राज्यात पहिल्या आलेल्या मुलीच्या गुणांपेक्षा तिच्या ओठांवरील लवेचीच चर्चा समाजमाध्यमांवर झाली आणि हजारो अनोळखी लोकांनी तिची कुचेष्टा केली. अखिल प्रांतात पहिली येऊनही ज्या समाजात मुलीचा चेहराच प्रथम तपासला जातो, त्या समाजाचे माप किती खोटे आहे हे निराळे सांगावयास नको.

परंतु इतर समाज काय करतो ह्यापेक्षा आपण काय करतो, हा प्रश्न आपल्यापुढे अधिक तीव्रतेने उभा राहतो. त्याचे कारण आपल्या इतिहासात आहे. ‘वर्ण’ ह्या शब्दाचा एक अर्थच रंग असा आहे. चातुर्वर्ण्याने माणसाच्या शरीरालाच उच्च-नीच ठरविले. आपल्या पूर्वजांचा स्पर्श विटाळ मानला गेला, त्यांची सावली विटाळ मानली गेली. त्यांचे विचार काय, त्यांचे शील काय, हे कोणी विचारले नाही. शरीर पाहिले आणि निकाल दिला. आज आपण मुलीला न विचारता तिचा रंग पाहून तिचे भवितव्य सांगतो, तेव्हा आपणही शरीर पाहूनच निकाल देत असतो.

ह्याहून एक सूक्ष्म गोष्ट आहे व ती बोलावयास कठीण आहे. आपल्यातील एखादी मुलगी उजळ असली तर बाहेरचे लोक म्हणतात, ‘तू त्यांच्यातली वाटत नाहीस.’ आणि आपल्याच घरात ते वाक्य कौतुकाने सांगितले जाते! त्याचा अर्थ काय होतो ह्याचा विचार करा. आपल्यासारखे न दिसणे हा गुण, आणि आपल्यासारखे दिसणे हा दोष. मनुष्याच्या रंगावरून त्याची जात ओळखता येत नाही, हे कोणाही डोळस माणसाला दिसते. तरीही ही समजूत आपण कवटाळून बसलो, तर ज्या सावळ्या मुलीसमोर हे कौतुक होते तिला आपण काय शिकवितो? आपल्याच माणसांची लाज वाटून घेण्यास शिकवितो.

सुत्तनिपातातील वासेट्ठ सुत्तात तथागतांनी हाच प्रश्न सोडविला आहे. दोन ब्राह्मण तरुणांत वाद होतो. मनुष्य जन्माने श्रेष्ठ होतो की कर्माने? भगवान त्यांना सांगतात की वनस्पतींत, किड्यामुंग्यांत, पशुपक्ष्यांत शरीराच्या खुणांवरून जाती वेगळ्या दिसतात. मनुष्यात तसे नाही. केस, मस्तक, कान, डोळे, नाक, ओठ असे एकेक अवयव घेऊन ते दाखवितात की ह्यांपैकी कोणत्याही अवयवावरून मनुष्या-मनुष्यांत जातिभेद ठरत नाही. जे ठरते ते आचरणाने ठरते. अडीच हजार वर्षांपूर्वी हे सांगितले गेले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतही सर्व मनुष्यमात्र समान मानण्याची प्रतिज्ञा आहे. ‘सर्व मनुष्यमात्र’ ह्यात घरातली सावळी, जाड, बुटकी, चेहऱ्यावर पुटकुळ्या आलेली पंधरा वर्षांची मुलगी येते की नाही, ह्याचे उत्तर प्रत्येक घराने द्यावयाचे आहे.

येथे एखादा वाचक असा आक्षेप घेईल की, ‘बाबासाहेबांनीच तर आमच्या आयांना राहणी सुधारावयास सांगितले. मग मुलीने नीटनेटके दिसावे असे आम्ही म्हटले तर बिघडले कोठे?’ आक्षेप विचार करण्याजोगा आहे. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे मनुस्मृतीचे दहन झाल्यानंतर स्त्रियांच्या सभेत बोलताना बाबासाहेबांनी लुगडे नेसण्याची जुनी पद्धत सोडावयास, गळ्यातील व हातातील कथलाच्या-चांदीच्या दागिन्यांचे ओझे टाकून द्यावयास आणि स्वच्छ राहावयास सांगितले, हे खरे आहे. पण त्यामागचे कारण पाहा. तो पोशाख व ते दागिने अस्पृश्यतेची खूण म्हणून वागवावे लागत होते. दुसऱ्याने लादलेली हीनतेची खूण अंगावरून उतरवा, असा त्या उपदेशाचा अर्थ होता. दुसऱ्याच्या पसंतीस उतरण्यासाठी शरीर झिजवा, असा तो नव्हता. स्वच्छ कपडे घालणे हा स्वाभिमान आहे. उपाशी राहून, कातडी जाळून घेऊन परक्या माणसाच्या होकाराची वाट पाहणे हा स्वाभिमानाचा त्याग आहे. एका कृतीने खूण पुसली जाते, दुसरीने नवी खूण अंगावर कोरली जाते. हा भेद ज्याला कळला नाही, त्याला महाडचे भाषण कळले नाही असेच म्हणावे लागेल.

पुढे जुलै १९४२ मध्ये नागपूर येथील महिला परिषदेत बाबासाहेबांनी मातांना जे सांगितले तेही आठवावे. समाजाची प्रगती आपण त्या समाजातील स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो, असे त्यांनी तेथे सांगितले. मुलांना शिकवा, त्यांच्या मनात महत्त्वाकांक्षा उत्पन्न करा, त्यांच्या मनातील न्यूनगंड काढून टाका आणि त्यांच्या लग्नाची घाई करू नका, असा तो उपदेश होता. आज आपल्या घरात नेमके उलटे घडत नाही काय? न्यूनगंड आपणच पेरतो आणि मग त्या न्यूनगंडाच्या भीतीने लग्नाची घाई करतो!

आईबापांची भीती मी खोटी मानत नाही. सावळ्या मुलीसाठी जास्त पैसा मागितला जातो, ही गोष्ट आपण सर्व जाणतो. म्हणजे मुलीच्या रंगाचा व वजनाचा हिशेब अखेर रुपयांतच होतो. पण ह्या भीतीवर आपण जो उपाय करतो तो रोग वाढविणारा आहे. हुंडा प्रतिबंध अधिनियम, १९६१ प्रमाणे हुंडा घेणे आणि देणे हे दोन्ही गुन्हे आहेत. त्यांस सामान्यतः किमान पाच वर्षे कारावासाची व दंडाची शिक्षा सांगितली आहे. नुसती मागणी करणे, मग ती आडवळणाने का असेना, हाही स्वतंत्र गुन्हा आहे. ‘लग्नखर्चासाठी’, ‘मुलाच्या खोलीच्या डिपॉझिटसाठी’ अशी सोज्वळ नावे दिल्याने त्याचे स्वरूप बदलत नाही. रंगाची भरपाई पैशाने मागणारा मनुष्य लग्नापूर्वीच आपली ओळख देत असतो. ते स्थळ हातचे गेले तर मुलीचे नुकसान झाले असे न मानता ती वाचली असे मानावे.

लग्नाच्या वयाविषयी कायदा काय सांगतो, तेही प्रत्येक घराला ठाऊक असले पाहिजे. बालविवाह प्रतिबंध अधिनियम, २००६ प्रमाणे मुलीचे वय अठरा व मुलाचे एकवीस पूर्ण असावे लागते. एक महिना कमी असला तरी तो बालविवाहच. असा विवाह लावून देणाऱ्या किंवा होऊ देणाऱ्या पालकांस दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. स्त्रीला मात्र ह्या अधिनियमाखाली कारावासाची शिक्षा देता येत नाही. होऊ घातलेला बालविवाह थांबविण्याचा आदेश न्यायदंडाधिकारी देऊ शकतात आणि तो आदेश मोडून लावलेले लग्न मुळातच शून्य ठरते. ज्या मुलीचे लग्न अज्ञान वयात झाले तिला ते रद्द करून मागण्याचा हक्क आहे व सज्ञान झाल्यापासून दोन वर्षेपर्यंत तो तिला वापरता येतो. शिवाय, वारसाहक्काचा जो हिंदू कायदा आपल्या बौद्ध कुटुंबांनाही लागू आहे, त्यात २००५ च्या दुरुस्तीने एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला आहे. कायद्याच्या दृष्टीने ती परक्याचे धन नाही; ती घराची समान वारस आहे. कायद्याने जे मानले ते बापाने का मानू नये?

आता शरीराच्या हानीविषयी. गोरेपणा विकणारी एक प्रसिद्ध क्रीम आपल्या देशात १९७५ मध्ये ‘फेअर अँड लव्हली’ ह्या नावाने आली आणि २०२० मध्ये जगभर वर्णभेदावर टीका होऊ लागल्यावर कंपनीने त्या नावातील गोरेपणाचा शब्द काढून ‘ग्लो अँड लव्हली’ असे नाव ठेवले. नाव बदलले, बाजार थांबला नाही. त्याहून घातक माल दुकानात सहज मिळतो. स्टेरॉइड असलेली मलमे ही विशिष्ट त्वचारोगांवरची औषधे आहेत. ती गोरे होण्यासाठी चेहऱ्यावर महिनोन्‌महिने लावली तर कातडी पातळ होते, लाल होते, चेहऱ्यावर केस वाढतात, आणि सोडू म्हटले तर चेहरा अधिकच पेटतो. काही बनावट क्रीममध्ये पारा असतो. २०२३ च्या आरंभी अकोला येथील एकाच घरातील आई व दोन मुली अशी क्रीम वापरल्यानंतर मूत्रपिंडाच्या विकाराने आजारी पडल्याचे, व मुंबईच्या केईएम रुग्णालयात झालेल्या तपासणीत त्या क्रीममध्ये पारा आढळल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले होते. भल्यासाठी म्हणून आणलेली डबी घरातल्या तिघींच्या मूत्रपिंडावर उठली!

उपाशी राहण्याचेही तसेच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाहणीत भारतातील १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९.१ टक्के मुलींच्या रक्तात हिमोग्लोबिनची उणीव, म्हणजे पंडुरोग, आढळला. दर दहा मुलींत जवळजवळ सहा मुली! ज्या मुलीला डाळ, अंडी, मासळी, पालेभाजी पोटभर मिळावयास हवी, तिच्या ताटातील भाकर आपण ‘जाड दिसशील’ म्हणून काढून घेतो. आपल्या आज्या-पणज्या दुष्काळात व दारिद्र्यात उपाशी राहिल्या. नातीला पोटभर जेवता यावे म्हणून त्या राबल्या. त्या नातीने भरल्या घरात उपाशी राहावे, ह्याहून मोठा दैवदुर्विलास कोणता? महिन्यात वजन उतरवून देतो, उंची वाढवून देतो, असे सांगणाऱ्या औषधांपासूनही सावध असावे. १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या कायद्याच्या अनुसूचीत लठ्ठपणा व उंची ह्यांचा समावेश आहे. त्यांवर औषध म्हणून हमखास गुण सांगणारी जाहिरात करणे हाच गुन्हा आहे.

आपण ज्या भूमीत राहतो तिच्याकडे आता वळू. सोपारा हे एकेकाळी शूर्पारक नावाचे मोठे बंदर होते. १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी ह्यांनी येथील स्तूप उकरला आणि सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही त्यांना मिळाला. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी जवळच्या भुईगाव येथे नवव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. ते वर्ष होते १९५६, धम्मदीक्षेचेच वर्ष. त्या नवव्या लेखाचा आशय काय आहे? आजारपणात, मुलामुलींच्या लग्नात, अपत्यजन्माच्या वेळी, प्रवासाला निघताना लोक नाना प्रकारचे मंगलविधी करतात. त्यांतील पुष्कळ क्षुद्र व निरर्थक असतात. खरे मंगल धम्माचे, आणि ते सेवकांशी व नोकरांशी नीट वागण्यात, गुरुजनांचा आदर करण्यात, प्राणिमात्राविषयी संयम बाळगण्यात आहे, असे सम्राट सांगतो.

मुलींच्या लग्नाभोवतीच्या निरर्थक विधींविषयी ज्या गावच्या दगडावर दोन हजार वर्षांपूर्वी लिहिले गेले, त्याच गावात आज आपण मुलीला साडी नेसवून पाहुण्यांसमोर बसवितो, तिला चालून दाखवावयास लावतो, तिच्या उंचीची व रंगाची चौकशी तिच्यादेखत करू देतो, आणि चहा-पोहे संपल्यावर ‘कळवितो’ असे ऐकून घेतो. जनावरांच्या बाजारात दात पाहतात. येथे चेहरा पाहतात. आपण सत्यनारायण सोडला, पण हा विधी सोडला नाही. धम्माच्या दृष्टीने हाही एक निरर्थक आणि त्याशिवाय हिंसक विधी आहे. कारण ह्यात जिवंत मनाला इजा होते.

मग करावयाचे काय? काही गोष्टी आजपासून करता येतील. घरात मुलीच्या रंगाविषयी, वजनाविषयी, उंचीविषयी शेरा मारावयाचा नाही, आणि पाहुण्याने मारला तर यजमानाने तेथेच थांबवावयाचे. ‘आमच्या घरात असे बोलत नाहीत’ हे एक वाक्य बापाने मुलीदेखत उच्चारले, तर त्याचे मोल शंभर प्रवचनांहून अधिक आहे. वधू-वर मेळाव्यांच्या आपल्या पत्रकांतून रंगाचा रकाना काढून टाकावयाचा व शिक्षण, व्यवसाय, व्यसनमुक्ती ह्यांचे रकाने ठेवावयाचे. मुलाने जर गोरी, सडपातळ मुलगी हवी अशी अट घातली, तर त्याच्या आईने त्याला विचारावे, ‘तुझ्या आईचा रंग कोणता आहे रे?’ मुलगी जेवण टाळू लागली, आरशासमोर रडू लागली, माणसांत येईनाशी झाली, तर तिला हट्टी न म्हणता सरकारी दवाखान्यात डॉक्टरांकडे न्यावे. मनाच्या त्रासासाठी सरकारचा १४४१६ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे, आणि बालकांवरील कोणत्याही संकटासाठी १०९८ आहे. मुलगी स्वतःही तेथे बोलू शकते.

विहारात बोलणाऱ्या उपासकांनाही एक विनंती. मुलगी टोमण्यांनी दुखावली तर तिला क्षांतीचा उपदेश करण्याची घाई करू नये. शूर्पारकाचा पुण्ण स्थविर तथागतांना म्हणाला होता की लोकांनी शिव्या दिल्या तरी मी शांत राहीन. परंतु तो जाणत्या वयाचा भिक्खू होता आणि ते कष्ट त्याने स्वतः निवडले होते. पंधरा वर्षांच्या मुलीने टोमणे निवडलेले नसतात. तिला सोसावयास शिकविण्यापूर्वी टोमणे मारणाऱ्यास सम्यक वाचा शिकवावी.

शेवटी दोन शब्द त्या मुलीसाठी, जिच्या हातात हा अंक कदाचित आईच्या नकळत पडेल. बाळ, कोसलचा राजा पसेनदी ह्याला मल्लिका राणीपासून मुलगी झाल्याचे कळले तेव्हा तो खिन्न झाला. तथागतांनी त्याला सांगितले की मुलगी ही मुलापेक्षाही श्रेष्ठ निघू शकते. तिच्या श्रेष्ठतेची लक्षणे सांगताना त्यांनी तिची प्रज्ञा व तिचे शील सांगितले. तिच्या रंगाचा त्यांनी उल्लेखही केला नाही. तू पोटभर जेव. चेहऱ्याला लावलेली डबी फेकण्यापूर्वी डॉक्टरांना दाखव, कारण काही औषधे एकदम सोडली तर त्रास होतो. आणि ‘आधी बारीक होईन, मग शिकेन’ असे मनाशी म्हणत असशील तर त्यातला ‘आधी’ काढून टाक. शिकण्यासाठी कोणाच्या पसंतीची अट नाही. जो हक्क तुझ्या पूर्वजांनी रक्ताचे पाणी करून मिळविला, त्यासाठी तुला वजनकाट्यावर उभे राहण्याचे कारण नाही.

आणि पालकहो, आपणास एवढेच सांगणे आहे. ज्या हिंदू समाजाने आपल्याला शरीरावरून हीन ठरविले त्याच्याशी आपण युक्तिवाद केला, संघर्ष केला, अखेर त्याचा धर्म सोडला. आपली मुलगी असा संघर्ष कोणाशी करणार? तिने घर सोडावे काय? ज्या दिवशी तिला घरात आपल्या शरीराविषयी लाज वाटेनाशी होईल, त्या दिवशी आपल्या घराची दीक्षा पूर्ण झाली असे समजावे.

जय भीम!